वरातीतला बेंजो आणि नागोयाच्या आज्या

दर विकांताला काहीतरी खरडायचंच, असं स्वतःला दिलेलं वचन गेले तीन आठवडे मोडतोय. रिलीज होतं. असो. आज मात्र लिहिणारच, कारण हा विषय बरेच दिवस डोक्यात अडकून बसलाय आणि त्याला कारणही तसंच आहे.

कंपनीने मला मध्यंतरी सात महिन्यांसाठी जपानला पाठवलं होतं. नागोया. गाड्या बनवणारं शहर. म्हणजे आमच्यासारख्या लोकांनी सोमवार ते शुक्रवार गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधले किडे मारायचे आणि शनिवार-रविवारी तांदूळ, तूरडाळ कुठे मिळते ते शोधायचं. अशाच एका रविवारी डाळ घेऊन परत येताना एका छोट्या सभागृहावरून जात होतो. आतून आवाज आला आणि मी थबकलो. टिंग-टिंग-टिंग, तारेवर नखी घासल्याचा, थोडासा पत्र्यासारखा. डोळे मिटले असते तर मी पारोळा तालुक्यातल्या आजोळी, कुणाच्या तरी वरातीत उभा होतो!

दारातून डोकावलो. आत पंधराएक बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या. प्रत्येकीसमोर टेबलावर एक लांबुडकी पेटी, डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात नखी. शांतपणे, मान न हलवता, सगळ्या एकच धून वाजवत होत्या. मी मनात म्हटलं, च्यायला, हा तर बेंजो!

ज्यांचं लहानपण वरातीमागे नाचण्यात गेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा बेंजो म्हणजे इंग्रजी सिनेमात काउबॉय वाजवतात तो गोल चामड्याचा बॅंजो नव्हे. आपला बेंजो म्हणजे लाकडाची हातभर पेटी, त्यावर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. दुकानात मागायला गेलात तर 'बुलबुल तरंग' म्हणून मिळेल. वरातीत वाजणाऱ्या बेंजोला आत कॉइल बसवलेली असते, तिथून वायर अॅम्प्लिफायरला, तिथून हातगाडीवरच्या कर्ण्याला. सोबत ढोलकी, ताशा, नंतरच्या काळात ऑक्टोपॅड. ही झाली बेंजो पार्टी. मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीत तुम्ही हे पाहिलं असेल. रवी जाधवांनी २०१६ साली यावर 'बॅंजो' नावाचा हिंदी सिनेमाही काढला होता, रितेश देशमुख होता त्यात.

माझा सख्खा मामा असल्याच एका पार्टीत बेंजो वाजवायचा. मी तिसरी-चौथीत असताना त्याच्या हातगाडीला धरून चालणं हे माझं आयुष्यातलं सर्वोच्च ध्येय होतं. म्हणून मी त्या बायकांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला (वाकून परवानगी घेऊन, हो) आणि मामाला पाठवला. दोन मिनिटांत मामाचा आवाजी निरोप: "हाऊ ते आपला बेंजो शे रे! त्यासनाजोडे कथाईन उना?"

अहिराणी न येणाऱ्यांसाठी: हा तर आपला बेंजो आहे, त्यांच्याकडे कुठून आला?

मीही त्या क्षणी तोच विचार करत होतो. रात्री जालावर बसलो आणि कळलं की प्रश्नच उलटा होता. तो त्यांच्याकडून आपल्याकडे आला होता. तोही नेमका नागोयाहून. मी जिथे डाळ घेऊन उभा होतो त्याच शहरातून.

१९१२ साली जपानचा मेइजी सम्राट वारला आणि तैशो युग सुरू झालं. त्याच वर्षी नागोयाच्या मोरिता गोरो नावाच्या वादकाने एक वाद्य बाजारात आणलं. हा गडी दोन तारांचं जपानी कोतो वाजवायचा. परदेशात फिरून आला होता आणि तिकडे टाइपरायटर पाहून भारावला होता. त्याने विचार केला असणार की बोटाने बटण दाबलं की नेमकं अक्षर उमटतं, मग नेमका सूर का उमटू नये? तारेवर नेमक्या जागी बोट ठेवायला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. बटणाला तो लागत नाही. दाबलं की धातूची पट्टी बरोबर त्या जागी तार दाबते. सूर चुकायचा प्रश्नच नाही. नाव ठेवलं 'तैशोगोतो', म्हणजे तैशो काळातलं कोतो. स्वस्त, सोपं, कुणालाही वाजवता येणारं. आजच्या भाषेत सांगायचं तर मोरिताने कोतोला युजर इंटरफेस बसवला.

पुढे ही पेटी जहाजांतून आशियाभर गेली. बलुचिस्तानात ती 'बेंजू' झाली आणि तिथल्या लोकसंगीतात इतकी मुरली की आज तिथले उस्ताद तिच्यावर आयुष्य काढतात. झांझिबारकडे 'तारब' नावाच्या संगीतात ती अजून 'तैशोकोतो' याच नावाने वाजते. आणि आपल्याकडे ती बुलबुल तरंग होऊन, बेंजो होऊन, पारोळ्याच्या वरातीत पोचली. जपानमध्ये मात्र ती आज बहुतेक करून आज्यांचं वाद्य आहे. आपल्याकडे भजनी मंडळ असतं तसं त्यांचं तैशोगोतो मंडळ.

इथपर्यंतची गोष्ट म्हणजे गंमत. पण मला खरा प्रश्न यानंतर पडला. जपानी माणसाला आपलंच वाद्य असं टाइपरायटरसारखं करून घ्यावंसं का वाटलं? त्यासाठी अजून चाळीस-पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

जपानचं जुनं संगीत म्हणजे एक गोष्ट नव्हे. दरबारात 'गागाकु', जे हजार-बाराशे वर्षांपूर्वी चीन-कोरियाकडून आलं. शहरातल्या नाटकांत आणि रंगमहालांत तीन तारांचं शामिसेन. तेही मूळ बाहेरचंच, सोळाव्या शतकात र्‍युक्यू बेटांमार्गे आलेलं. आणि गावोगाव 'मिन्यो', म्हणजे लोकगीतं: भात लावताना, जाळं ओढताना, घोडे हाकताना म्हणायची. आपल्याकडे जशी जात्यावरची ओवी, मोटेवरचं गाणं, तसंच. आणि यातली गंमत ऐका. जपानी लोकसंगीताच्या ज्या पाच-पाच सुरांच्या सरगमी आहेत त्या आपण ऐकल्या तर ओळखीच्या वाटतात. मिन्योची एक मुख्य सरगम म्हणजे आपला धानी. शहरी शामिसेनवर वाजते ती गुणकली. दरबारी संगीतातली एक थेट दुर्गा. अर्थात राग म्हणजे नुसती सरगम नव्हे हे मला माहीत आहे, शास्त्रीयवाल्यांनी लगेच दगड उचलू नयेत. पण सूर तेच.

मग १८५३ साली अमेरिकेची काळी जहाजं आली, त्यांच्यासोबत बॅंडही आला. १८६८ मध्ये मेइजी राजवट सुरू झाली आणि सरकारने ठरवलं की पश्चिमेसारखं व्हायचं. सैन्य हवं, मग सैन्याला बॅंड हवा. १८६९ मध्ये योकोहामात जॉन विल्यम फेंटन नावाच्या ब्रिटिश बॅंडमास्तरने सात्सुमा प्रांताच्या तरुणांना शिकवायला सुरुवात केली. मग आली शाळा. १८७२ च्या शिक्षण कायद्यात विषयांच्या यादीत 'गायन' होतं, पण पुढे शेरा होता: तूर्तास वगळावे. आयटीवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. रिक्वायरमेंटमध्ये आहे, पण फेज वनमध्ये नाही! कारण शिकवणार काय आणि शिकवणार कोण, हेच कुणाला माहीत नव्हतं.

ते ठरवलं इसावा शूजी या माणसाने. त्याला १८७५ साली सरकारने अमेरिकेत शिकायला पाठवलं. बाकी सगळे विषय जमले, गाण्याला मात्र गडी अडला. पाश्चात्य सप्तकातले चौथा आणि सातवा, म्हणजे आपले मध्यम आणि निषाद, हे सूर त्याच्या गळ्यातून नीट निघेनात. कानालाच सवय नव्हती. शेवटी ल्युथर व्हाइटिंग मेसन नावाच्या बोस्टनच्या संगीतशिक्षकाकडे त्याने शिकवणी लावली. १८७९ मध्ये सरकारने इसावाच्या हाताखाली संगीताचं खास खातं काढलं आणि १८८० मध्ये मेसनलाच जपानला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून शाळेसाठी गाण्यांची पुस्तकं बनवली. चाली बऱ्याचशा युरोप-अमेरिकेच्या, शब्द जपानी. त्यातली एक चाल स्कॉटलंडची, जी जगभर निरोपाच्या वेळी गातात. तीच चाल आजही जपानमध्ये दुकान बंद व्हायच्या वेळेला वाजते. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं काय सुंदर गाणं लावलंय, आणि निवांत शेल्फ बघत राहिलो. शेवटी सेल्सगर्लने वाकून-वाकून बाहेर काढलं.

यातून एक तडजोडही निघाली. नवीन गाणी रचताना जपानी संगीतकारांनी पाश्चात्य सप्तकातले तेच दोन न जमणारे सूर, चौथा आणि सातवा, गाळून टाकले. याला तिकडे 'योनानुकी' म्हणतात, म्हणजे चार-सात वगळून. उरलं काय? सा रे ग प ध. आपला भूप! जपानची कितीतरी बालगीतं आणि जुनी लोकप्रिय गाणी आपल्याला उगीच जवळची वाटतात त्याचं एक कारण हे आहे.

शाळेत गाणं आलं म्हणजे शाळेला वाद्य हवं. १८८७ मध्ये हामामात्सु गावच्या शाळेतला परदेशी ऑर्गन बिघडला. दुरुस्तीला बोलावलं यामाहा तोराकुसु नावाच्या माणसाला, जो डॉक्टरी उपकरणं दुरुस्त करायचा. त्याने ऑर्गन उघडला, आतला नकाशा काढून घेतला आणि म्हणाला असेल, हे तर मी बनवू शकतो. एका साथीदाराबरोबर त्याने ऑर्गन बनवला आणि दोघं तो खांद्यावरून, हाकोनेचा घाट चढून, अडीचशे किलोमीटरवरच्या टोकियोला घेऊन गेले, इसावाच्या संगीत विद्यालयात तपासायला. निकाल: बांधणी छान, पण सूर लागलेले नाहीत. दुसरा कुणी असता तर ऑर्गन घाटातून ढकलून दिला असता. यामाहा तिथेच राहिला, स्वरशास्त्र शिकला आणि परत जाऊन दुसरा बनवला. पुढची कंपनी तुम्हाला माहीतच आहे. मोटारसायकल नंतरची, तिच्या खुणेत तीन स्वरकाटे आहेत ते यामुळे. साधारण त्याच सुमारास नागोयात सुझुकी मासाकिची या शामिसेन बनवणाऱ्या घरातल्या माणसाने व्हायोलिन बनवायला घेतलं, आणि नागोया व्हायोलिनचं गाव झालं. या सगळ्या वातावरणातून १९१२ ची ती बटणांची पेटी आली. म्हणजे मोरिता एकटा वेडा नव्हता. अख्खा देशच तेव्हा आपल्या संगीताला नवी बटणं लावत होता.

आता आपल्याकडे येऊ. हा धागा जुळवताना मला सगळ्यात जास्त मजा आली, कारण तारखा शेजारी-शेजारी पडतात. मेसन जपानला पोचला १८८० मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटक उभं राहिलं. यामाहाने ऑर्गन उघडला १८८७ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८६ मध्ये, बडोद्याला सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, जिथे गाणं कागदावर लिहून शिकवायची धडपड सुरू झाली. आणि सयाजीराव मूळचे कुठले? मालेगावजवळच्या कवळाण्याचे. आमच्या खानदेशाच्या उंबऱ्यावरचे! १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे भातखंड्यांनी हिंडून-हिंडून चिजा गोळा केल्या आणि छापल्या. म्हणजे इसावाला पडलेले प्रश्न आपल्या लोकांनाही पडले होते: गाणं शाळेत कसं आणायचं, लिहायचं कसं, सगळ्यांना कसं द्यायचं.

उत्तर मात्र वेगळं निघालं. जपानमध्ये सरकार स्वतःचं होतं आणि त्याने हुकूम काढून पोरांचे कान बदलले. दोन पिढ्यांत सामान्य जपानी माणसाला पाश्चात्य सप्तक हेच 'संगीत' आणि आपलं ते 'जपानी संगीत' वाटायला लागलं. आपल्याकडे इंग्रज सरकारला आपल्या गाण्याशी काही देणं-घेणं नव्हतं. त्यामुळे पाश्चात्य गोष्ट आली ती शाळेतून नाही, बाजारातून आली. पलटणींचे बॅंड पाहून संस्थानांनी बॅंड ठेवले, ते पाहून लग्नाचे बॅंड निघाले. मिशनऱ्यांबरोबर हार्मोनियम आली, तिचे पाय कापून आपण तिला मांडी घालून बसवलं आणि पेटी म्हणायला लागलो. नाटक मंडळ्यांनी पायाचा ऑर्गन घेतला. बालगंधर्व लहानपणी काही काळ आमच्या जळगावात राहिले, गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी इथेच गिरवले. जळगावचं खुलं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं आहे. त्यांच्या गाण्यामागे ऑर्गन वाजायचा, पण गाणं होतं अस्सल इथलं. सूत्रात मांडायचं तर जपानने कान बदलला, आपण फक्त वाद्य बदललं.

'फक्त' म्हणालो खरा, पण ते तितकं साधं नाही. पेटीच्या सुरांना एक कायमची खोड आहे. पाश्चात्य वाद्यांत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. त्या मोजमापात निसर्गतः जुळणारा गंधार ३८६ वर येतो, पेटीवर तो ४०० वर असतो. शिवाय पेटीवर मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. आवाजाचं एमपी-थ्री करताना मधली माहिती गाळतो ना आपण, तसंच. यावरून एवढा वाद झाला की आकाशवाणीने १९४० पासून पेटीवर बंदीच घातली. ती १९७१ पर्यंत पूर्णपणे सैल झाली नव्हती. गंमत म्हणजे पेटीविरुद्ध ठासून लिहिणाऱ्यांत जॉन फोल्ड्स हा रेडिओतलाच इंग्रज संगीतकार होता. साहेब म्हणतोय तुमचं संगीत बिघडेल, आणि आपण म्हणतोय राहू दे हो, सोयीचं आहे!

आता खानदेशातली जुनी गाणी या पट्टीत बसवून बघा. साक्री, नवापूरकडच्या कोकणा आदिवासींची पावरी, भोपळ्याला शिंग लावलेलं ते लांबलचक वाद्य. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्र-रात्र वाजतं. त्याचे सूर कुठल्याच पेटीत नाहीत. काशाच्या थाळीला मेणाने काडी चिकटवून, त्या काडीवरून बोटं ओढत काढलेला सलग घुमणारा आवाज, तो कुठल्या बटणावर बसवणार? आखाजीची झोक्यावरची गाणी, श्रावणातली कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या. यातल्या बायकांचा सूर गंधार आणि मध्यमाच्या मध्ये कुठेतरी रेंगाळतो आणि तिथेच गोड लागतो.

आणि इथे बहिणाबाईंची आठवण आल्याशिवाय राहत नाही. आसोद्याच्या, जळगावपासून हाकेच्या अंतरावर. १८८० चा जन्म (परत ते १८८०!). लिहिता-वाचता येत नव्हतं, काम करता-करता गायच्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्याने आणि घरच्यांनी शब्द टिपून ठेवले. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं. महाराष्ट्र वेडा झाला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. टिपले गेले ते शब्द. १९६१ मध्ये 'मानिनी' सिनेमा आला, त्यात वसंत पवारांनी त्यांच्या कवितांना चाली लावल्या. सुंदर चाली, मला फार आवडतात. आज बहिणाबाई म्हटलं की आपल्या तोंडात येते ती ती चाल. शेतात, चुलीपाशी त्या स्वतः ज्या सुरात गायच्या, तो सूर मात्र पुस्तकात मावला नाही. शब्द राहिले, चाल गेली.

माझ्या घरी याच्या बरोबर उलटं झालं.

माझी आजी, म्हणजे आईची आई, कानबाईची गाणी म्हणायची. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा सुरत, पुणे, मुंबई, जिथे कुठे असतील तिथून भाऊबंद गावी येतात, घरात रोट होतात, नारळाची कानबाई सजवतात आणि बाया रात्रभर गातात. आजीला किती गाणी यायची कुणी मोजलं नाही. ती २०१९ मध्ये गेली. माझ्याकडे तेव्हा चांगला फोन होता, लॅपटॉप होता, आवाज स्वच्छ करायचं सॉफ्टवेअर होतं. मी इंजिनीअर होतो. आणि माझ्याकडे आजीच्या गाण्याचा एक सेकंदही नाही. तिच्या वाढदिवसाचे सत्तावन्न फोटो आहेत. हे लिहितानाही मला लाज वाटते.

जपानी लोकांनीही असंच बरंच घालवलं, पण त्यांना वेळेत जाग आली. माचिदा काशो या माणसाने रेडिओच्या मदतीने गावोगावची मिन्यो गोळा केली. १९४४ पासून त्याचे जाडजूड खंड निघत राहिले, १९८० पर्यंत. एकेका लोकगीतासाठी गावात जतन मंडळं निघाली. २००२ पासून तर माध्यमिक शाळेत प्रत्येक पोराला एक तरी जपानी वाद्य हाताळायला लावतात. शंभर वर्षांपूर्वी सरकारनेच जे शाळेबाहेर ठेवलं ते सरकारलाच परत आणावं लागलं. आपल्याकडेही हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या संगणकवाल्या संगीत-संशोधकाने त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. आज त्या जालावर कुणालाही ऐकता येतात. म्हणजे जमतं. करणारा हवा.

तर यंदाच्या... नाही, आधी मामाचं सांगतो. मामाची बेंजो पार्टी २०१२ च्या आसपास बंद पडली. कारण डीजे. मामा म्हणतो, "लोक म्हणतस, छातीत धडधड व्हायला पाहिजे." बेंजोने छातीत धडधड होत नाही. त्यातला एक ढोलकीवाला सुरतेला साड्यांच्या कारखान्यात गेला, दुसरा रिक्षा चालवतो. बेंजो माळ्यावर गेला. आणि मला टोचणारी गोष्ट म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात डीजे लावा म्हणून सगळ्यात जास्त ओरडणारा मीच होतो. मामा हसत-हसत नाचलासुद्धा.

जपानहून परत आल्यावर मी कानबाईला गावी गेलो. मामाला म्हटलं, बेंजो काढा. दोन तारा गंजलेल्या, बटणांवर स्केचपेनने लिहिलेले सा रे ग म अर्धे पुसलेले. धुळ्याला आग्रा रोडवर जाऊन तारा आणल्या. सूर लावायला अर्धा तास गेला. मग मामाने एक धून वाजवली आणि आई स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. आजीचं गाणं होतं. मामाने पोरवयात बेंजो शिकताना पहिलं ते बसवलं होतं, कारण सिनेमाची गाणी त्याला अजून जमत नव्हती. तो शब्द विसरला होता. पण बोटं विसरली नव्हती.

मी हेडफोन लावून ऐकत होतो, आणि एका जागी मला वाटलं सूर चुकला. मामाला म्हटलं, हे बटण नीट बसत नाहीये का? मामा म्हणाला, नाही, बटण बरोबर आहे. तुझी आजी तिथे जरा वर म्हणायची. बटणावर तो सूर नाही, म्हणून मी बटण दाबून वरून जोर देतो, तार ताणली जाते. आणि त्याने मला करून दाखवलं. नागोयाच्या मोरिताने सूर चुकूच नये म्हणून जी पट्टी बसवली होती, तिच्यावर अंगठ्याएवढा जास्त जोर देऊन पारोळ्याच्या माणसाने त्याच्या आईचा सूर काढला होता.

दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा मावशीला पहिलं कडवं आठवलं. तिसऱ्यांदा दुसरं. आईला त्यातली एक ओळ वेगळी आठवत होती, त्यावरून दोघींचं भांडण झालं. ते भांडणसुद्धा रेकॉर्ड झालंय. दोन कडवी मिळाली, मावशीच्या मते एकूण सात होती.

हल्ली यूट्यूबवर अहिराणी गाण्यांची जोरदार चलती आहे. कोट्यवधी लोक बघतात, पुण्यातल्या आमच्या हापिसातली अमराठी पोरंही नाचतात. संगीत सगळं कीबोर्डवरचं. गावाकडे त्याला अजून 'कॅसिओ'च म्हणतात, तीही जपानीच कंपनी. काही लोक नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. ज्या भाषेत बोललो तर शाळेत हसायचे, ती भाषा आता स्पीकरवर वाजते, हे छोटं नाही. फक्त कान तेवढा सांभाळायला हवा. वाद्य कितीही बदला, दोन बटणांच्या मधला सूर ऐकू येणारा माणूस घरात एक तरी हवा.

ती फाइल तीन ठिकाणी बॅकअप करून ठेवलीय. त्या नागोयाच्या मंडळालाही पाठवली. तिथल्या एका बाईंचं उत्तर आलं, मशीनने भाषांतर केलेलं: आमच्या शिक्षिका विचारतात, तुमचे मामा ते बटण असं का दाबतात?

मामाला वाचून दाखवलं. मामा खूश. म्हणाला, त्यांना सांग, ये म्हणावं कानबाईला, शिकवतो.

तुमच्या घरी कुणी गाणारं असेल, तर लेख इथेच सोडा आणि फोन लावा. बाकी पुढच्या विकांताला.